न रुसणारं पिल्लू

माझे धाकटे दीर खेळ बनवतात. मैदानावरचे नव्हेत, फोनवरचे. चारचौघांत हे सांगितलं की समोरचा आधी हसतो आणि मग विचारतो, "ते झालं हो, पण पोटापाण्याचं काय करतात?" मी म्हणते, तेच.

भावजी चाळिशीला टेकलेत. लग्न केलं नाही. का केलं नाही हे विचारून विचारून सासूबाईंनी शेवटी नाद सोडला. आमच्याच घरात, जिन्याजवळच्या खोलीत राहतात. उंच, जरा पोक काढून चालणारे. शर्टाच्या खिशात कायम पेन, आणि त्या पेनाला टोपण नाही, कारण टोपण तोंडात. ही वाईट सवय नव्हे, कामाची रीत आहे. खेळ अर्धामुर्धा तयार झाला की तो एखाद्या नवख्या माणसाच्या हातात द्यायचा आणि आपण मागे बसून बघायचं, असं त्यांच्याकडे चालतं. बघणाऱ्याने बोलायचं नाही, मान हलवायची नाही. "अहो, डावीकडे, डावीकडे" असं तर मुळीच म्हणायचं नाही. माणूस अडकला तर अडकू द्यायचा. तो कुठे अडकतो तेच तर बघायचं असतं. भावजींना गप्प राहणं जमेना, म्हणून ते दातांत टोपण धरून बसायला लागले.

आमच्या घरात नवखी म्हणजे मी. मी दवाखान्यात नावनोंदणीच्या खिडकीवर बसते. सुट्टीच्या दिवशी जेवणं आटोपली की भावजी माझ्या हातात फोन ठेवतात. "वहिनी, पाचच मिनिटं." मग मी खेळते आणि ते माझ्या मागे टोपण कुरतडतात.

"दात जातील एक दिवस," सासूबाई म्हणतात.

"बोललो तर नोकरी जाईल, आई."

ते हसत म्हणतात, पण घरात दुसरं कुणी हसत नाही. कारण एक नोकरी बोलण्यामुळेच गेली होती.

भावजींची मतं कुणालाच पटत नाहीत, ही खरी अडचण आहे. मालकांना न पटणारी मतं निदान गिऱ्हाइकाला तरी पटावीत. यांची खेळणाऱ्यांनाही पटत नाहीत. खेळाला शेवट हवा, असं ते म्हणतात. संपला की संपला, माणसाने फोन ठेवून भांडी घासायला जावं. रस्ता दाखवणारा बाण नको. हरवू द्या माणसाला, सापडलेली वाट मग त्याची स्वतःची होते. खेळ सोपा करायचं बटण मात्र पहिल्याच पानावर हवं, चांगलं मोठं. ते कुठेतरी मागे लपवायचं आणि दाबणाऱ्याला भित्रा ठरवायचं, हे त्यांना खपत नाही. आत काय आहे ते न सांगता विकायच्या बक्षिसाच्या पेट्या म्हणजे तर त्यांच्या लेखी शुद्ध फसवणूक. आणि सगळ्यात मोठं मत, ज्यावरून पुढचं सगळं घडलं, ते असं की खेळ बंद केल्यावर खेळाने माणसाच्या मागे लागायचं नाही.

मला स्वतःला बाण आवडतो. त्यांच्या एका खेळातल्या जंगलात मी एकदा इतकी हरवले की रडकुंडीला आले. म्हटलं, "भावजी, दिवसभर लोक मला विचारतात, रक्त कुठे द्यायचं, एक्स-रे कुठे काढायचा. मी बोट दाखवते तेव्हा तोंड भरून आशीर्वाद देतात. तुमच्या झाडांत मला कुणी बोट दाखवलं असतं तर मीही दिला असता."

त्यांनी टोपण काढलं, मनापासून हसले, आणि माझं वाक्य लिहून घेतलं. बाण काही ठेवला नाही.

ऑफिसात त्यांना ‘हँडब्रेक’ म्हणतात. गाडीने जरा वेग धरला की हा ओढलाच म्हणून समजा. नाव प्रेमाने ठेवलंय असं भावजी सांगतात. मला ते कधी प्रेमाचं वाटलं नाही.

आधीच्या ठिकाणी पाहुणे आले होते, पैसे गुंतवणारे. सगळं छान चाललेलं असताना भावजींनी मध्येच सांगितलं की ही बक्षिसाची पेटी आपण लहान मुलांपुढे ठेवतोय आणि त्यांना ते कळतही नाही. पाहुणे गेले. मग भावजीही गेले. त्यानंतरच्या महिन्यांचा विषय आमच्या घरात कुणी काढत नाही. पडदे लावून ते खोलीत पडून असायचे. दाढी वाढली, बोलणं गेलं. ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, डॉक्टर आणले, रागावून पाहिलं, शेवटी जिन्यात बसून एकटेच रडले. सासूबाई अर्ध्या झाल्या. तेव्हापासून माझ्या मनाला एक खोडच लागली आहे. भावजी संध्याकाळी जिना चढायला लागले की मी हातातलं काम थांबवून त्यांच्या बुटांचा आवाज ऐकते. पाय उचलून चढतात की ओढत चढतात? जेवताना भात परत घेतात की नाही? देवापुढे हात जोडते तेव्हाही आधी हेच मागणं येतं, माझ्या स्वतःच्या मुलीचं नंतर. ती लांब शिकायला आहे आणि खुशाल आहे, म्हणून असेल.

मग ही आताची नोकरी लागली. लाकडी सामानाच्या दुकानावरच्या तीन खोल्या. खाली करवत चालू झाली की वरच्या टेबलावरचे कप थरथरतात. मालकीणबाई भावजींपेक्षा वयाने लहान, सगळे त्यांना मॅडम म्हणतात. मॅडम वाईट नाहीत, हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढे वाचताना तसं वाटेल. हँडब्रेक म्हणून दहा जणांनी नाकारलेल्या माणसाला त्यांनी घेतलं आणि म्हणाल्या, "तुमच्या मनातला एक खेळ करा."

भावजींनी तीन वर्षं खपून जो खेळ केला त्याचं नाव ‘घरटं’. वाऱ्याने पडलेलं घरटं तुम्ही काडी काडी गोळा करून बांधायचं. जंगलात फिरायचं, काटक्या, पिसं, शेवाळ आणायचं. घरट्यात एक पिल्लू आहे, बोटभर, करड्या रंगाचं, मोठ्या डोळ्यांचं. शेवटी घरटं पुरं होतं, पिल्लू उडून जातं आणि खेळ संपतो. एवढंच. मी तो पुरा केला तेव्हा मला उगाचच मुलीची आठवण आली आणि मी तिला फोन लावला.

भांडण झालं ते पिल्लावरून. खेळ बाजारात न्यायची वेळ आली तेव्हा मॅडमनी त्यात दोन गोष्टी घालायला सांगितल्या. एक म्हणजे सलग दिवसांची माळ. रोज खेळ उघडला की एक मणी, एक दिवस चुकला की माळ तुटली, पुन्हा पहिल्यापासून. दुसरं, तुम्ही आला नाहीत तर पिल्लाने रुसायचं. आधी मान खाली, मग पाठ फिरवून बसायचं, मग रंग उडायचा. आणि फोनवर निरोप यायचा, ‘मी वाट बघतोय.’

भावजींचं पिल्लू असं नव्हतं. तुम्ही महिन्याने आलात तरी ते काटक्यांशी खेळत असायचं. तुम्हाला बघून उडी मारायचं, बस्स.

"लोक परत का येतील मग?" मॅडमनी विचारलं.

"आवडलं तर येतील."

"आवडून कुणी येत नाही हो. जीव खालीवर झाला की येतात. दर महिन्याला पगार कशातून देते मी? आवडण्यातून?"

शेवटी मॅडमनीच तोड काढली. बाजारात नेण्याआधी खेळ काही शे लोकांना द्यायचा. निम्म्यांना रुसणारं पिल्लू, निम्म्यांना न रुसणारं. कुणाला कोणतं येईल ते मशीन ठरवणार. ज्या पिल्लाकडे लोक जास्त वेळा परत येतील तेच ठेवायचं. भावजी हरले तर रुसणारं पिल्लू त्यांना स्वतःच्या हाताने त्यांच्या खेळात घालावं लागणार, नाहीतर खेळ सोडून जावं लागणार.

हे त्यांनी जेवताना सांगितलं. सांगताना भात चिवडत होते. परत घेतला नाही.

चाचणीला माणसं कमी पडत होती म्हणून मॅडमनी सगळ्यांना सांगितलं की ओळखीपाळखीच्यांना खेळाची लिंक पाठवा, मात्र घरच्यांना नाही. भावजी नियमाला पक्के. आमच्यापैकी कुणाला दिली नाही. कोपऱ्यावरच्या शिंपीणबाईंना दिली, दोन-चार शेजाऱ्यांना दिली आणि गप्प बसले.

त्या दिवसांत घरात बोलणं कमी झालं. ह्यांना जेवताना बातम्या ऐकायची सवय, तीसुद्धा बंद. मी दवाखान्यात एकाचं नाव दुसऱ्याच्या कागदावर लिहिलं आणि बोलणी खाल्ली. फक्त सासूबाईंचं बरं चाललेलं दिसत होतं. सकाळी चहा झाला की त्या गॅलरीत खुर्ची टाकून फोन घेऊन बसायच्या आणि एकामागून एक फोन लावायच्या. त्यांना फोनवर बोलायची हौस आहेच, त्यामुळे मी लक्ष दिलं नाही. एकदा कपडे वाळत घालताना कानावर आलं, "तुझं कसं आहे गं? रुसतं का?" मला वाटलं, कुणाच्या तरी नातवाची चौकशी चालली असेल.

पहिले आकडे आले तेव्हा भावजी जिना धावत चढले. मला आवाज ओळखू येईना, म्हणून दाराशी गेले तर तेच. म्हणाले, "वहिनी, माझं पुढे आहे. बरंच पुढे!"

"मॅडम काय म्हणाल्या?"

"त्यांना खरंच वाटत नाहीये. मलाही."

त्यांनी त्या दिवशी भात परत घेतला, भाजीही घेतली, ह्यांच्या पाठीवर थाप मारली. सासूबाई पदराने तोंड पुसत गालात हसल्या. मला मात्र चैन पडेना. मला चांगली बातमी पचत नाही. कुठेतरी काहीतरी राहिलंय, दूध उतू जातंय आणि आपण दुसऱ्याच खोलीत आहोत, असं वाटत राहतं. मी रात्रीच्या प्रार्थनेत आभार मानले, पण घाबरत घाबरत मानले.

पुढच्या टप्प्यात काही खेळणाऱ्यांना ऑफिसात बोलावून विचारायचं होतं. काचेच्या छोट्या खोलीत एक मुलगी प्रश्न विचारणार आणि भावजी कोपऱ्यात बसून टिपण काढणार, नेहमीसारखं टोपण दातांत धरून. त्या दिवशी शिंपीणबाई आल्या होत्या. पुढचं मला भावजींनी सांगितलं तसं लिहिते.

मुलीने विचारलं, "तुम्ही रोज खेळ उघडता. का उघडावासा वाटतो?"

शिंपीणबाईंनी भावजींकडे एकदा बघितलं, मग मुलीकडे. "खरं सांगू?"

"खरंच सांगा ना."

"आजींचा फोन येतो. ह्यांच्या आईंचा. रोज. ‘आज उघडलंस का? नाही? मग आत्ताच उघड, मी धरते फोन.’ मशीनवर कापड लावलेलं असतं हो माझं. पाय थांबवायचा, फोन शोधायचा, उघडायचा, बंद करायचा. नाही उघडलं तर म्हणतात, माझ्या पोराचा जीव टांगणीला आहे आणि तुला दोन मिनिटं नाहीत?"

मुलगी हसायला लागली. तिला ती गंमत वाटली.

"आणि माझ्या नणंदेचं पिल्लू रुसणारं निघालं," शिंपीणबाई पुढे म्हणाल्या, "तर आजींनी तिला खेळ काढूनच टाकायला लावला. म्हणाल्या, तुझं नको, तू दुसऱ्या पक्षातली."

भावजी म्हणाले, वहिनी, माझ्या दातांत टोपण फुटलं.

ते घरी आले तेव्हा मी कांदा चिरत होते. सासूबाई देवळात गेल्या होत्या, हे अजून आले नव्हते. बूट न काढताच भावजी स्वयंपाकघरात स्टुलावर बसले आणि हे सगळं सांगितलं. सासूबाईंना लिंक शिंपीणबाईंकडूनच मिळाली होती. तिथून त्यांनी ती माहेरच्या गोतावळ्यात, देवळातल्या बायकांत, जुन्या शेजारणींत, सगळीकडे वाटली होती. ज्यांचं पिल्लू रुसत नव्हतं त्यांना रोज फोन, ज्यांचं रुसत होतं त्यांना सुट्टी. भावजींच्या घवघवीत आकड्यांमागे आमच्या गॅलरीतली खुर्ची होती.

"त्या मुलीला कळलं?" मी विचारलं.

"नाही. तिला वाटलं, म्हातारीला कौतुक आहे मुलाचं. टिपण मी काढतो. मी लिहिलं नाही तर ते कुठेच नाही."

कांद्याने डोळ्यांत पाणी येत होतं, ते बरं झालं.

"मला विचारू नका, भावजी," मी म्हणाले. "मला शहाणपणाचं काही सुचत नाही. मला फक्त तुम्ही कामावर जायला हवे आहात. बाकी जगात कोणतं पिल्लू रुसतं त्याच्याशी मला काही देणंघेणं नाही."

"म्हणून तर विचारत नाहीये. सांगतोय."

असं म्हणून उठले, बूट काढले आणि हात-पाय धुवायला गेले. मी चिरलेला कांदा पुन्हा चिरत बसले.

सासूबाई आल्या तेव्हा ते बाहेरच्या खोलीत त्यांची वाटच बघत होते. मी आत होते, पण आमच्या घरात आत आणि बाहेर असं फारसं काही नाही, सगळं ऐकू येतं.

"आई, तू लोकांना रोज फोन करतेस?"

"करते. तोंड धरलंय का कुणी माझं?"

"काय सांगतेस त्यांना?"

सासूबाई खोटं बोलत नाहीत. त्यांनी सगळं सांगितलं, वर अभिमानाने सांगितलं. किती जणींना जोडलं, कोण आळशी आहे, कुणाचा नवरा फोन लपवून ठेवतो म्हणून त्याला कसं झापलं.

"आई, त्या बायका तुला घाबरून उघडतात."

"घाबरून का असेना, उघडतात ना?"

"मॅडम हेच म्हणतात गं! अगदी हेच!"

"मग बाई शहाणी दिसते."

मी पातेल्यावर झाकण ठेवलं आणि हसू की रडू ते कळेना. मग सासूबाईंचा आवाज बदलला.

"अरे, मी काय वाईट केलं? तुला परत त्या खोलीत बघायचं माझ्यात त्राण नाही. फोन केले चार. लोक दुनियेत काय काय करतात आपल्या पोरांसाठी."

"तेव्हा तू रोज सकाळी माझं दार वाजवायचीस," भावजी म्हणाले.

हे त्यांनी याआधी कधी बोलून दाखवलं नव्हतं. मी गॅस बारीक केला.

"मी उघडायचो नाही. तू म्हणायचीस, चहा ठेवलाय हं, आणि जायचीस. दुसऱ्या दिवशी परत. काल उघडलं नाहीस म्हणून कधी रुसली नाहीस. आवाज कधी उतरला नाही तुझा. किती दिवस मी असं केलं असेन गं? पण जेव्हा उघडलं तेव्हा तू म्हणालीस, आलास? बस. एवढंच. एखादे दिवशी जरी तू दारामागे रडली असतीस ना, तर मी आणखी आत गेलो असतो."

भावजींची खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"ते पिल्लू तुझ्यावरून केलंय, आई. आणि तू काय केलंस, त्याच्यासाठी लोकांच्या मागे लागलीस."

"मला कसं कळणार?" सासूबाई म्हणाल्या. "मला चोच आहे का?"

दोघंही हसले, पण ते हसणं लवकर विरलं. "आता काय करणार तू?" त्यांनी विचारलं.

"उद्या मॅडमना सांगणार."

"नोकरी गेली तर?"

भावजी उठून आत जेवायला आले. मी तिघांची ताटं घेतली. ह्यांना उशीर होणार होता. भावजी जेवले, पण काय जेवले ते त्यांना कळलं नसावं. मी पाण्याऐवजी त्यांच्या पेल्यात ताक ओतलं ते त्यांनी तसंच भातावर घेतलं.

दुसऱ्या दिवशी खिडकीवर बसून मी नावं लिहीत होते आणि प्रत्येक नावासरशी मनात म्हणत होते, आता सांगत असतील, आता सांगून झालं असेल. एका आजोबांनी विचारलं, "बाई, माझ्यात काही वाईट निघालंय का? तुमचा चेहरा असा का?" मी त्यांची माफी मागितली.

मॅडम ओरडल्या नाहीत. भावजी सांगत होते की त्या डोक्याला हात लावून बसल्या, मग विचारलं, "तुम्ही सांगितलं नसतं तर मला कळलंच नसतं, नाही का?" भावजी म्हणाले, नसतं. "मग कशाला सांगितलंत हो?" असं त्या खरोखर वैतागून म्हणाल्या. हँडब्रेकने स्वतःचीच गाडी थांबवली, असं ऑफिसभर झालं. चाचणी रद्द झाली. पुन्हा नव्याने करायची ठरली, लांबच्या अनोळखी लोकांवर, ज्यांना ना भावजी माहीत ना त्यांची आई.

सासूबाईंनी मग सगळ्यांना पुन्हा फोन केले. "उघडायची गरज नाही आता. हो, सुटलीस बाई. नाही गं, रागावले कशाला? तुझं सांग, तुझा गुडघा कसा आहे?" ते फोन आधीच्यापेक्षा लांबले. एका बाईने तर विचारलं म्हणे, आजी, आता रोज फोन नाही करणार का?

दुसऱ्या चाचणीचे दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. भावजी वेळेवर जात होते, वेळेवर येत होते, जेवत होते, आणि तरी मला भीती वाटायची. पातळ बर्फावरून चालणाऱ्या माणसाकडे काठावरून बघावं तशी. हाक मारली तरी चूक, न मारली तरी चूक.

निकाल लागला तो काही चमत्काराचा नव्हता. रुसणाऱ्या पिल्लाकडे लोक कितीतरी जास्त वेळा परत आले. भावजींच्या पिल्लाकडे आलेले जरा जास्त वेळ रमले, पण ते मोजायचं ठरलं नव्हतं. मॅडमनी त्यांना बसवून चहा दिला आणि म्हणाल्या, "खेळ तुमचाच आहे. रुसणं तुम्ही घालता, की मी दुसऱ्या कुणाला सांगू? राग नाही मानणार. दुसरं काम देईन तुम्हाला."

हे त्यांनी घरी येऊन सांगितलं. मी जिन्यावरचा आवाज ऐकला होता, पण पाय उचलून होते की ओढत, ते मला त्या दिवशी ओळखता आलं नाही. हे म्हणाले, "सोड तो खेळ. दुसरं काम घे आणि शांत राहा." सासूबाई नुसत्या भावजींकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता भावजी उठतील आणि खोलीत जातील.

"मीच करतो म्हणालो," भावजी म्हणाले.

"का?" ह्यांनी विचारलं. "तुझ्याच मताविरुद्ध?"

"दुसऱ्याने केलं तर तो जास्त रडवेल, दादा."

तेव्हापासून आठवडाभर ते घरी आले की जेवणाच्या टेबलावरच काम करतात. लॅपटॉप उघडा, बाजूला चहा, टेबलाच्या या टोकाला माझी भाजी निवडणं चालू. काल संध्याकाळी त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. पिल्लू घरट्याच्या कडेवर बसलं होतं, मान अगदी छातीत घातलेली.

"वहिनी, खरं सांगा. हे बघून परत यावंसं वाटेल?"

"वाटेल. जीव तुटतो हो बघून."

त्यांनी काहीतरी दाबलं. मान थोडी वर आली. "आता?"

"आताही वाटेल."

आणखी थोडी वर. डोळा दिसायला लागला. पिल्लू रुसल्यासारखं कमी आणि विचारात पडल्यासारखं जास्त वाटत होतं.

"आणि आता?"

मी चष्मा पुसून नीट बघितलं. "यावंसं वाटेल. पण भाजी निवडून झाल्यावर."

"भीती वाटते?"

"नाही."

"अपराध्यासारखं?"

"नाही. तसं नाही वाटत."

त्यांनी ते तसंच ठेवलं. मग म्हणाले, "निरोपही बदललाय. ‘मी वाट बघतोय’ काढून टाकलं. ‘मी बरा आहे’ असं लिहिलंय. उद्या मॅडमना दाखवायचं आहे."

"त्या हो म्हणतील?"

"बघू. मान अजून खाली घाला म्हणाल्या तर एवढी घालीन." त्यांनी बोटाने टेबलावर अगदी जराशी खूण केली. "त्याच्या खाली नाही."

"आणि त्याच्या खाली हवी म्हणाल्या तर?"

ते टेबलावरच्या त्या बोटाकडे बघत राहिले. मी निवडलेली भाजी उचलली, धुवायला घेतली, आणि नळ जरा मोठाच सोडला.